गटप्रकल्पात मुलांनी एकमेकांना गुण देताना या चुका टाळा

पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आला आणि आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजांतूनही पाच-पाच जणांचे गट वावरात जाऊ लागले. अहवाल एकच असतो, गुण मात्र पाच जणांना द्यायचे असतात. मग शेवटच्या आठवड्यात कुणीतरी सुचवतं, मुलांनाच एकमेकांचं मूल्यमापन करू द्या. कल्पना चांगली आहे. पण ती घाईत उरकली की खरं राबणारंच पोर मागे पडतं, आणि हे दरवर्षी होतं.

दिसतं तेवढंच काम धरणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गटाचा विषय होता कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. एका हेक्टरात पाच कामगंध सापळे (गंधानं नर पतंग ओढणारे) लावायचे आणि रोज सकाळी अडकलेले पतंग मोजायचे. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ पतंग भरले की शेतकऱ्याला फवारणीचं सांगायचं. मूल्यमापनात पीपीटी करून सादरीकरणात बोलणाऱ्या मुलाला 10 पैकी साडेनऊ मिळाले. सर्वांत कमी, म्हणजे 5, एका मुलीला. कारण काय, तर ती संध्याकाळच्या बैठकीला थांबत नाही. तिच्या गावाची शेवटची एसटी साडेचारला सुटत होती. सापळ्यांची वही उघडली तेव्हा 42 दिवसांपैकी 31 दिवसांच्या नोंदी तिच्याच अक्षरात होत्या.

बाकीची मुलं खोटं बोलत नव्हती. फॉर्मवर प्रश्नच एक होता, ‘याने किती काम केले?’ जे डोळ्यांसमोर झालं त्याला त्यांनी गुण दिले. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, त्यांच्या कोलामी भाषेत बोलून मुलाखती मिळवणाऱ्या मुलाचंही असंच होतं, कारण सादरीकरण मराठीत आणि तो तिथं गप्प.

म्हणून प्रश्न फोडून विचारा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची कॅटमी नावाची प्रणाली पाच गोष्टी विचारते: कामातला वाटा, सोबत्यांशी वागणं, काम वेळेवर मार्गी लावणं, दर्जाचा आग्रह आणि लागणारं ज्ञान-कौशल्य. या पाचही आपल्याकडे चालतात. फक्त प्रत्येक आकड्याचा अर्थ आपल्या कामाच्या भाषेत लिहून द्या. कामाच्या वाट्याचं असं लिहिता येईल: 5 म्हणजे ठरल्या दिवशी आपल्या नोंदी पूर्ण केल्या आणि दुसऱ्याचं अडलेलंही केलं. 3 म्हणजे आपलं काम केलं, पण एखाद्या वेळी आठवण द्यावी लागली. 1 म्हणजे त्याचं काम दुसऱ्यानं केलं. नेटवरचा फॉर्म जसाच्या तसा छापून वाटला तर मुलं सगळीकडे 4 लिहून मोकळी होतात.

सोबत पहिल्या दिवसापासून एक शंभर पानी वही ठेवा. रकाने चारच: तारीख, काम, वेळ, सही. मूल्यमापनाआधी दहा मिनिटं ती वही पूर्ण गटानं वाचायची. यासाठी ॲप लागत नाही. आणि गटाची बैठक एसटीचं वेळापत्रक बघून दुपारी एकला ठेवा.

एकाच मोबाईलवरून पाच फॉर्म

गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की काम झालं, असं नवख्या शिक्षकांना वाटतं. गावात रेंज एकाच फोनला असते. त्या फोनभोवती सगळे बसतात आणि सहा मिनिटांत पाच फॉर्म जमा होतात, सर्वांना पैकीच्या पैकी. शीटमधली वेळ बघा, लगेच कळतं. समोर बसलेल्या मित्राला कुणीही 2 देणार नाही, आणि तशी अपेक्षा करणंही चूक आहे.

वर्गात लांब लांब बसवा, कागद द्या, पंधरा मिनिटं द्या. कागदावर देणाऱ्याचं नाव हवंच, पण ते फक्त शिक्षकानं पाहायचं. गटाला सांगायची ती सरासरी. कागद गोळा करायचं काम गटप्रमुखाकडे कधीच देऊ नका. गट चार-पाच जणांचा असावा. तिघांच्या गटात कुणी काय दिलं हे झाकून राहत नाही. आठ जणांच्या गटात लपायला जागा मिळते. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं 1913 साली दोर ओढण्याच्या प्रयोगातून दाखवलं होतं, की माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी होतो.

गणितातली घाई

स्वतःला दिलेले गुण सरासरीत घेऊ नका. ते मागून घ्या, वाचा आणि बाजूला ठेवा.

बाकीच्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी भागिले गटाची सरासरी, हा गुणक. अहवालाच्या गुणांना त्यानं गुणायचं. समजा पाच जणांच्या सरासऱ्या 4.5, 4.5, 4, 4 आणि 3 आल्या. गटाची सरासरी 4. गुणक 1.125, 1.125, 1, 1 आणि 0.75. अहवालाला 20 पैकी 16 असतील तर गुण 18, 18, 16, 16 आणि 12 होतात. पण अहवालाला 18 असतील तर पहिल्या दोघांना 20.25 मिळतात, म्हणजे कमालच झाली. म्हणून वरची मर्यादा 1.05 ठेवा. गुणक 0.8 च्या खाली आला तर आकडा तसाच लावू नका, आधी वही काढा. चौघांनीही कमी दिलेत आणि वहीतही सह्या नाहीत, तर गुणक खरा. वहीत काम दिसतंय, तर गटात काहीतरी बिनसलंय, प्रत्येकाशी वेगळं बोला. एकट्यानंच 1 दिला आणि बाकीच्यांनी 4, तर ते बहुधा दोघांमधलं भांडण असतं.

शेवटी एकदाच मूल्यमापन

निकालाच्या तोंडावर कळलेली चूक कुणाला सुधारता येत नाही. निम्म्या प्रकल्पात एक फेरी बिनगुणांची घ्या. तारीख सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीच्या भरात टाकू नका. त्या आठवड्यात घरच्या वावरात राबणारं पोर कॉलेजात दिसत नाही, आणि सोबती त्याला कामचुकार ठरवतात. अशा मुलांच्या कामाच्या तारखा आधीच बदलून वहीत लिहून घ्या.

शेरे वर्गात वाचून दाखवू नका. ‘आळशी आहे’ हा शेरा परत करा. ‘दोन शनिवारी आला नाही, कळवलंही नाही’ असं लिहून मागा.

तक्रारीला दोन दिवस द्या. तक्रार लेखी घ्या, सोबत वहीतलं पान क्रमांकासह, आणि त्यानंतरच गुण ऑफिसला पाठवा.