जुन्या डर्ट बाईकचं इंजिन आतून कसं ओळखायचं : नव्याने शिकणाऱ्या पोरांसाठी

गिऱ्हाइकाबरोबर जुनी गाडी तपासायला जाणार असाल, तर मालकाला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत किक मारू नका. पोचल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर चहा प्या, हवं तर गावात चक्कर मारून या, पण थंड झाल्याशिवाय सुरू करू नका. पिस्टन सैल झालेला असला की टकटक थंड इंजिनात जास्त ऐकू येते आणि तापल्यावर कमी होते. विकणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं.

धूर, टॅपेट, टायमिंग चेन यांत मी फार शिरत नाही, एवढं तुम्हाला येतंच. टायमिंग चेनच्या खडखडाटाला घाबरू नका, ते काम आटोक्यातलं असतं. लोड दिल्यावर खालून जड ठोका आला तर मात्र बिगएंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं खालचं टोक, बघावाच लागतो. प्लग काढा, मॅग्नेटचं कव्हर उघडा आणि फ्लायव्हील हलकेच पुढे-मागे करा. क्रँक हलतो पण पिस्टन क्षणभर जागचा हलत नाही, असं दिसलं की बिगएंड गेला समजा. रॉडला आडवं थोडं खेळणं असावंच लागतं. उभं अजिबात चालत नाही.

आता खरा फास. मीही यात अडकलो होतो, म्हणून लांबण लावतोय. ऑइल स्वच्छ आहे, त्यात चुंबकाला काही लागलं नाही, म्हणजे इंजिन चांगलं, असं बरेच जण धरून चालतात. अहो, ऑइल कालच बदललेलं असू शकतं की! शिवाय चुंबक फक्त लोखंड-पोलाद पकडतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, हेड ॲल्युमिनियमचं, काही इंजिनांत बुश ब्राँझचे. यातलं काहीही झिजलं तरी चुंबक कोराच राहणार. उलट चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर घाबरायचं कारण नाही, गिअरची रोजची झीज तशीच दिसते. बोटाला टोचणारे कण किंवा पातळ चकत्या निघाल्या तर मात्र गाडी सोडा.

म्हणून ऑइलचा फिल्टर मागा. कागदी असेल तर घड्या उलगडा, नुसती जाळी असेल तर जाळी बाहेर काढा. पांढऱ्या कापडावर दाबून उन्हात तिरकं धरा. चांदीसारखी चमक चुंबकाला चिकटत नसेल तर ती बहुतेक ॲल्युमिनियमची, पिवळसर असेल तर ब्राँझची. काळा भुगा क्लच प्लेटचा असतो, थोडा असला तर चालतो. विकणारा फिल्टर उघडू देत नसेल तर गाडी बघून झाली असं समजा. आणि माझं हट्टाचं मत असं, की काढलेलं ऑइल न बघता ओतून देणाऱ्या मेस्त्रीकडे शिकायला राहू नका, त्याचा हात कितीही चांगला असो. मोबाईलवर इंजिनचा आवाज ऐकवून निदान मागणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आपल्या बेळगाव भागात आणखी दोन गोष्टी. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती एअर फिल्टरच्या कडेने आत गेली की रिंगा आणि सिलिंडर घासून टाकते. फिल्टर काढा आणि त्याच्या पुढच्या, इंजिनकडच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. लाल निघालं तर रिबोअरचा, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करण्याचा, खर्च किमतीतून आधीच वजा करा. उद्यमबागेत बोरिंगचं काम होतं, ती अडचण नाही, पण पिस्टन मिळतो का ते आधी विचारा. २०११ ला आलेल्या हिरोच्या इम्पल्ससारख्या बंद झालेल्या गाडीसाठी हा प्रश्न मोठा, २०१९ नंतरच्या एक्सपल्ससाठी तेवढा नाही.

दुसरी गोष्ट पाणी. कणकुंबीकडच्या पावसात ओढ्यातून घातलेल्या गाडीने एअरबॉक्समधून पाणी ओढलं, की रॉड वाकू शकतो. पाणी ऑइलमध्ये गेलंय का तेही बघा; नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली फेस असेल तर तो थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्यांमुळेही येतो. ड्रेन केलेलं सगळंच ऑइल दुधाळ असेल तर नको म्हणा.

कॉम्प्रेशन मीटर लावलात तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारा. काही गाड्यांच्या कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेशन (किक हलकी जावी म्हणून व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी सोय) असतं, तिथे आकडा मुळातच कमी येतो, त्यावरून इंजिनाला नावं ठेवू नका. आकडा कमी वाटला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घाला. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. आकडा उत्तम आला तरी बिगएंडबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

गाडी एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची असेल तर इंजिनाआधी तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) बघा. आणि घेतलीच तर तीनशेएक किलोमीटरनंतर ऑइल उतरवून फिल्टर पुन्हा उघडा.