भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ इंटरफेस: घेण्याआधी आणि जोडताना

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज यूएसबीतून संगणकात नेणारं यंत्र. दुकानात जाण्याआधी एकच गोष्ट नक्की करा: एका वेळी किती माइक लागणार? एक गाणारा आणि सोबत पेटी, एवढंच असेल तर दोन इनपुटचा इंटरफेस पुरतो. खंजिरी भजनाचं अख्खं मंडळ बसवून गायक, पेटी, खंजिरी आणि टाळ नंतर वेगवेगळे कमी-जास्त करायचे असतील, तर माइकचे चार इनपुट हवेत. डब्यावर ‘४ इनपुट’ छापलेलं असलं तरी त्यांतले माइकचे बरेचदा दोनच निघतात, बाकीचे लाइनचे, म्हणजे मिक्सर-कीबोर्डसारख्या आधीच मोठ्या सिग्नलचे. म्हणून कॅनन पिन (माइकची तीन काड्यांची गोल पिन, म्हणजे एक्सएलआर) बसणारी छिद्रं स्वतः मोजा. सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात) १९२ किलोहर्ट्झच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. भजनाला २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ भरपूर झालं.

घरच्या संगणकावर कोणतं विंडोज आहे ते पाहून त्यासाठीचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेसचा आवाज फारसा उशीर न होता संगणकात नेणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवर मिळतो का, हे पैसे देण्याआधीच बघा. गावात रेंजचा भरवसा नसेल तर तालुक्याला गेल्यावर तो पेनड्राइव्हवर उतरवून आणा. घरी आल्यावर आधी ड्रायव्हर टाका, संगणक पुन्हा सुरू करा आणि मगच इंटरफेस जोडा. डेस्कटॉप असेल तर मागच्या यूएसबीत जोडा. स्वस्तातल्या हबमधून पुरेसा करंट मिळत नाही आणि ४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला इंटरफेसमधून मिळणारी वीज) चालू केले की इंटरफेस मध्येच बंद पडतो.

सगळ्यात जास्त फसगत वायरीत होते. मंडप-साउंडवाल्याकडून आणलेल्या माइकच्या वायरीला बहुतेक वेळा एका टोकाला कॅनन आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ (पाव इंची जाड) पिन असते. ही पी-३८ इंटरफेसच्या मधल्या छिद्रात बरोबर बसते, त्यामुळे जोडणी झाली असं वाटतं. पण तो रस्ता लाइनचा किंवा गिटारचा आहे, माइकचा नाही. आवाज पुसट येतो, गेन (इनपुटचा आवाज वाढवायचं बटण) पूर्ण फिरवला की नुसती सूं-सूं वाढते. कंडेन्सर माइक तर चालतच नाही, कारण त्याचे ४८ व्होल्ट कॅननच्या पिनांतूनच येतात. दोन्ही टोकांना कॅनन असलेल्या पाच-पाच मीटरच्या वायरी घ्या, आणि एक जास्तीची असू द्या.

आता घरची लाइन, म्हणजे वीज. हेडफोनमध्ये बारीक घूं-घूं येत असेल तर इंटरफेसला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर खोट बहुतेक चार्जरात किंवा घराच्या अर्थिंगमध्ये आहे. मे महिन्यात जमीन कोरडी ठाक पडते आणि अर्थिंगचा खड्डाही सुकतो; त्यात पाणी घाला, तरीही फरक पडला नाही तर वायरमनकडून तपासून घ्या. प्लगची अर्थची पिन तोडून घूं-घूं घालवायचा उद्योग अजिबात करू नका, शॉक बसतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरही हाच त्रास देतात. कूलर तर बंदच ठेवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात रात्रीचीच वेळ धरा. टिनाच्या खोलीत आवाज घुमतो. गाणाऱ्याच्या मागे रुईच्या दोन गाद्या उभ्या केल्या की बराच फरक पडतो.

जोडताना स्पीकर बंद आणि गेन शून्यावर. माइक लावल्यावरच ४८ व्होल्टचं बटण दाबा. काढताना आधी ते बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग वायर ओढा. लेव्हल लावताना हळू आवाजात ‘हॅलो, हॅलो’ म्हणून भागत नाही. मंडळाला सगळ्यात जोरकस कडवं म्हणायला लावा आणि मीटरची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास येऊ द्या. खंजिरीची थाप क्षणात वर उसळते, तिच्यासाठी गेन आणखी कमी हवा. लाल दिवा लागला की तो तुकडा वाया गेला, नंतर दुरुस्त होत नाही.

ड्रायव्हरच्या सेटिंगमधला बफर (संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो) १२८ वर ठेवा. तडतड आली तर २५६ करा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला) चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी येतो. डेस्कटॉपवर यूपीएस नसेल तर रेकॉर्डिंगच सुरू करू नका; लाइन गेली की चालू फाइल हाती लागेलच असं नाही.