चवथीच्या झाडलोटीआधीची धूळ

घरातल्या धुळीतली ॲलर्जेन, म्हणजे ॲलर्जी उठवणारी प्रथिनं, मोजायची तर गोव्यात डिचोली-फोंड्याकडच्या घरांत चवथीची (गणेश चतुर्थीची) साफसफाई सुरू व्हायच्या आधी पोचा. गाद्या झोडून झाल्या, कोळिष्टकं निघाली, की मोजायला उरतं काय? घरच्यांना आठवडाभर आधी फोन करा: चादर बदलू नका, गादी झाडू नका. हे पटवणं सगळ्यात कठीण. कोणी येणार म्हटल्यावर आपल्याकडे घर लख्ख होतंच.

व्हॅक्यूम क्लीनर, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड आणि नळीच्या तोंडाशी बसणारे कापडी फिल्टर मोजून घ्या. दर जागेला नवा, शिवाय एक कोराच परत आणायचा, तुलनेसाठी. गादीचा एक चौरस मीटर, घड्याळ लावून दोन मिनिटं. तोवर पंखा बंद. गादी कापसाची की फोमची, मांजर आहे का, खोलीतली आर्द्रता किती, हे तिथंच वहीत टिपा. चिठ्ठ्या पेन्सिलनेच लिहा, पावसात शाई फुटते. नमुने बर्फाच्या डब्यातून आणून उणे 20 अंशांत ठेवा.

आता माझा नेहमीचा हट्ट: चाळण्याआधी धूळ सिलिका जेलवर सुकवा. निकाल दर ग्रॅम धुळीमागे लिहायचा, आणि श्रावणातली धूळ ओल धरून जड झालेली. तशीच तोललीत तर ॲलर्जेन कागदावर आपोआप कमी दिसतं. मग 300 मायक्रॉनच्या आसपासची चाळणी, 100 मिलिग्रॅम धूळ, ट्वीन (साबणासारखा पदार्थ) घातलेलं 2 मिलिलिटर बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), हलवणं, मग गाळ खाली बसवायला सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवणं. धूळ कमी भरली तर बफरही त्या मानाने कमी.

एलायझाचं (अँटिबॉडी वापरून ॲलर्जेन मोजणाऱ्या चाचणीचं) किट मागवताना ‘डर पी 1’वर, म्हणजे घरधुळीतल्या नेहमीच्या माइट या सूक्ष्म जीवाच्या ॲलर्जेनवर, थांबू नका. दमट मुलखात ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस हा माइटही असतो. त्याच्यासाठी ‘ब्लो टी 5’ लागतं. ‘ब्लॅ जी 2’ हे लहान जर्मन झुरळाचं. स्वयंपाकघरात उडणाऱ्या मोठ्या अमेरिकन झुरळाचा हिशेब त्या किटवर लावू नका.

प्लेटवर प्रत्येक नमुना दोन वेलमध्ये (खळग्यांत), निरनिराळ्या डायल्यूशनमध्ये (कमी-जास्त पातळ करून), सोबत स्टँडर्ड, म्हणजे ठाऊक प्रमाणाचं ॲलर्जेन. ‘डर पी 1’साठी ग्रॅमला 2 आणि 10 मायक्रोग्रॅम हे धोक्याचे जुने उंबरठे वापरतात, त्यांवरून घरच्या पोराला दमा होणार का, हे सांगायला जाऊ नका. टीएमबी (चाचणीत रंग देणारं रसायन) वापरत असाल तर आम्ल घातल्यावर पिवळा रंग 450 नॅनोमीटरला लगेच वाचायचा असतो, तेव्हा त्याआधी यूपीएस चालू आहे ना बघा. पावसाळ्यात आपल्याकडची वीज तुम्हाला ठाऊक आहेच.