गेकोसाठी झाडांची काचपेटी, आणि तीही सोलापुरात

आधीच सांगतो, यूट्यूबवर गेकोच्या, म्हणजे पाळायच्या पालीच्या, सेटअपचे जे व्हिडिओ दिसतात त्यातले बरेचसे पेटी गरम कशी ठेवायची तेच शिकवतात, हीट मॅट घ्या, बल्ब लावा वगैरे. आपल्याकडे मार्चपासूनच पत्र्याला हात लावता येत नाही आणि मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, त्यामुळे आपला प्रश्न उलटा आहे, पेटी थंड कशी ठेवायची. सगळी मांडणी त्या हिशोबानं करायची.

माझ्याकडे क्रेस्टेड गेको आहे. मूळचा न्यू कॅलेडोनियाच्या बेटांवरचा, हा प्राणी संपला असंच लोक धरून चालले होते आणि १९९४ ला परत सापडला. डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखे काटे असतात पण उघडझाप करणाऱ्या पापण्या नाहीत, डोळा जिभेनंच पुसतो. शेपूट तुटली तर भिंतीवरच्या पालीसारखी परत येत नाही, म्हणून पकडापकडी नको. आजी पहिल्याच दिवशी म्हणाली, "घरात पाली कमी होत्या का रे, पैसे देऊन आणलास?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

याला साधारण २२ ते २६ डिग्री लागतं, २८ च्या वर गेलं की त्रास सुरू. त्यामुळे उन्हाळ्यात एसीची खोली देता येणार नसेल तर घेऊच नका. कूलर आपल्या कोरड्या हवेत मस्त चालतो हे खरं, पण भर मे मध्ये खोली २६ वर आणणं त्याच्या बापाला जमत नाही, आणि वरून तो ओलावा वाढवतो. रानातली पाल पकडून आणायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतले परदेशी प्राणी पाळायचे तर नोंदणी लागते. कोणताही प्राणी घेताना कागद मागा आणि वन विभागात एकदा विचारून घ्या.

आता पेटी. झाडावर राहणारा प्राणी, त्यामुळे रुंदीपेक्षा उंची जास्त पाहिजे, मोठ्या गेकोला ४५ बाय ४५ बाय ६० सेंटीमीटर पुरते. फिश टँक बनवणाऱ्याकडून करून घेतली तरी चालते, फक्त दार पुढून आणि वर पूर्ण जाळी, काचेचं झाकण नको. काचा जोडणाऱ्या सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास जाईपर्यंत पेटी उघडी ठेवायची. जागा निवडताना पश्चिमेची भिंत आणि स्लॅबखालची वरची खोली टाळा, आणि ऊन थेट काचेवर पडायलाच नको, पंधरा-वीस मिनिटांत आत भट्टी होते.

माती हा विषय मी रडून शिकलोय. पहिल्या वेळी हौसेनं शेतातली काळी माती टाकली, म्हटलं ज्वारी येते तर मनीप्लांट का येणार नाही. पाणी मारलं की चिखल आणि सुकलं की बोट जाईल एवढ्या भेगा, आणि आठव्या दिवशी दार उघडलं तर गटारीचा वास, सगळं उपसून टाकलं. काळ्या मातीतून पाणी खाली जात नाही, मुळं कुजतात. आता तळाला दोन इंच मातीचे भाजलेले गोळे टाकतो, नाही मिळाले तर फुटक्या कौलांचे धुतलेले तुकडे, त्यावर खिडकीला लावतात ती मच्छरजाळी, आणि वर तीन इंच मिश्रण: चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, दोन भाग नारळाच्या सालीचे तुकडे, एक भाग धुतलेली जाड वाळू आणि एक भाग लाकडी कोळशाचा चुरा. कोकोपीटमध्ये मीठ असतं, दोन-तीन पाण्यात धुवा. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब गळाले पाहिजेत, धार लागली तर जास्त ओलं झालंय. एका कोपऱ्यात तळापर्यंत पाईपचा तुकडा उभा ठेवा, खाली साचलेलं पाणी त्यातून नळी घालून ओढून काढता येतं, हे मी विसरलो होतो म्हणून दुसरी पेटीपण उपसावी लागली.

झाडं साधीच. मनीप्लांट, सिंगोनियम, स्नेक प्लांट, फर्न. मोठा गेको चाळीसेक ग्रॅमचा असतो आणि रात्री धपकन उडी मारतो, त्यामुळे नाजूक पान टिकत नाही. नर्सरीच्या झाडावर औषध मारलेलं असतं, मुळं धुऊन महिनाभर बाहेर वेगळ्या कुंडीत ठेवून मगच आत. पेरूच्या किंवा चिंचेच्या वाळक्या फांद्या उकळून, सुकवून तिरक्या लावा, वर देशी बदामाची वाळलेली पानं पसरा. कडुलिंबाची पानं नको, आत किडेच तर सोडायचेत आपल्याला.

हो, किडे. स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड, ओल्या मातीत राहणारे हे बारीक जीव बुरशी आणि विष्ठा खातात, म्हणजे झाडूवाले फुकटात. गेको येण्याआधी चार-सहा आठवडे सोडा. सुरुवातीला लाकडावर पांढरी बुरशी येते, घाबरून धुवायला जाऊ नका, स्प्रिंगटेल वाढले की तेच संपवतात.

फवारणी संध्याकाळी भरपूर, सकाळी हलकी. रात्री ओलावा ७०-८० टक्के आणि दुपारपर्यंत ५० च्या आसपास उतरला पाहिजे, चोवीस तास ओलं ठेवलं तर कातडीला आणि छातीला त्रास होतो. आपलं पाणी जड आहे, नळाचं मारलं तर काचेवर पांढरे डाग पडून महिन्याभरात आतलं काही दिसत नाही, आरओचं वापरा. दिवसा दहा-बारा तास एलईडी, आणि सेन्सर आत लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर पाहिजेच. त्या खोलीत डासांची मशीन आणि अगरबत्ती बंद.

लाईट गेली की खरी परीक्षा, कारण इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवायच्या, टॉवेलमध्ये गुंडाळून वरच्या जाळीवर आडव्या ठेवायच्या, थंड हवा आपोआप खाली उतरते. टॉवेल आपल्या गावात मागावा लागत नाही म्हणा. अशा वेळी पाणी फवारत बसू नका, गरम आणि कोंदट हवा एकत्र झाली तर कोरड्या उन्हापेक्षा वाईट, छोटा यूएसबी पंखा जाळीवर लावा.

बाकी रोजचं काम दहा मिनिटांचं. मनीप्लांट मात्र महिन्याला छाटावाच लागतो, नाहीतर काच झाकून टाकतो, छाटलेल्या फांद्या बाटलीत ठेवल्या की शेजारच्या काकू येऊन घेऊन जातात, पेटीकडे मात्र बघत नाहीत.