साखर सोडली, तरी शुगर उतरेना? या चुका टाळा

माझ्या रिपोर्टात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा आकडा, ८.४ आला, त्याच संध्याकाळी साखरेचा डबा सर्वांत वरच्या फळीवर गेला. चहा बिनसाखरेचा, श्रीखंड बंद, लग्नात जिलबीकडे पाठ. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर ८.१. डॉक्टरांनी विचारलं, "पोळ्या किती खाता?" मी ऐटीत सांगितलं, "पोळी बंदच केली. आता फक्त ज्वारीची भाकरी." "किती?" "तीन." ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.

घरी येऊन एका भाकरीचं पीठ काट्यावर मोजलं. ७० ग्रॅम. आमचा फुलका २५ ग्रॅमचा. म्हणजे तीन भाकऱ्या खाताना मी आठ फुलके संपवत होते, आणि वर पथ्य पाळल्याचं समाधान. ज्वारीत कोंडा, तंतू जास्त, त्यामुळे शुगर जरा सावकाश चढते, हे खरं. पण गहू काय, ज्वारी काय, बाजरी काय, शंभर ग्रॅम पिठात ६० ते ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतातच, आणि पोटात गेल्यावर त्यांचं ग्लुकोजच होतं. मधुमेह कळल्यावर आपण बहुतेक जण हीच चूक करतो: पदार्थाचं नाव बदलतो, माप तेच ठेवतो.

नाव बदललेले पदार्थ

गुळाचंच बघा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, साखर नको, पण गुळाचा चहा घे. त्यात लोह असतं." लोह असेलही थोडं, पण शंभर ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास साखरच असते. मध आणि खजुराचं तेच. "डायबेटिक" असं छापलेली बिस्किटं घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा; साखर नसेल, पण मैदा असतोच. नाचणी चांगली, पण भाकरीत. तिचं सत्त्व काढून पातळ पेज केली की ती झरझर पचते आणि शुगरही तशीच झरझर चढते. फळांचा रस काढायच्या भानगडीत पडूच नका. फळ चावून खा, एका वेळी एक, आणि जेवणावर नको.

साबुदाण्याबद्दल मात्र मला चार शब्द जास्त बोलायचे आहेत. कोरड्या साबुदाण्यात शंभरातले ८५ ग्रॅमहून जास्त पिष्ट असतं. प्रथिनं जवळजवळ नाहीत, तंतूही नाहीत. त्यात बटाटा पडतो, वर चमचाभर साखर "चवीपुरती". शेंगदाण्याचं कूट थोडंफार सावरतं, तेवढंच. आषाढी, चतुर्थी, गुरुवार असं करत महिन्यातून सहा-सात वेळा खिचडी होत असेल, तर रिपोर्ट का हलत नाही याचं उत्तर त्या कढईत आहे. उपास करायचाच तर वाटीभर भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक असा करा. भगरही पिष्टमयच, म्हणून वाटीभर.

ताटाची डावी बाजू

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो आपल्या जुन्या वाढण्याच्या रीतीचा. ताटात डावीकडे चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी; मध्ये भात-पोळी. बिघडलंय ते प्रमाण: कोशिंबीर चमचाभर आणि भाताची मूद दोनदा. आता माझं अर्धं ताट कोशिंबीर आणि पालेभाजी-फळभाजीचं, पाव ताट उसळ, अंडी, मासे किंवा पनीरचं, आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात, दोन्ही नाही. बटाट्याची भाजी भाज्यांत धरायची नाही. पातळ वरणाला प्रथिनं समजायचं नाही. वाटीभर वरणात डाळ असते किती? मटकी, मसूर, चवळी दाट हवी. कोकणातल्या माझ्या बहिणीचा भात काही सुटला नाही, तर तिने भाताची वाटी लहान केली आणि मासळीचा तुकडा वाढवला.

खाण्याचा क्रमही बदलला. आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी शेवटी. तेच पदार्थ, तेवढेच, तरी जेवणानंतरचा आकडा कमी येतो. घरच्या शुगर तपासायच्या मीटरवर स्वतः करून पाहा.

मीटर खोटं बोलतं तेव्हा

एकदा माझा आकडा एकदम ३१० आला. घाबरून पुन्हा तपासायच्या आधी हात धुतले, तर १६८. मी नुकताच आंबा चिरला होता. बोट साबणाने धुऊन, पुसून मगच टोचा, आणि कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. स्ट्रिप्सची डबी उघडी ठेवू नका. पावसाळ्यात ओल लागते आणि आकडे चुकतात. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून नाही.

सकाळची उपाशीपोटीची शुगर जास्त म्हणून लोक रात्रीचं जेवण तोडतात. पहाटे शरीरात काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत स्वतःच रक्तात ग्लुकोज सोडतं. रात्री उपाशी राहूनही सकाळी १४० दिसू शकतात. तेव्हा जेवण तोडण्याऐवजी आठवडाभराचे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि फक्त सकाळचा आकडा बघून खूशही होऊ नका, जेवणानंतरचाही बघा.

गोळ्या

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीने सुरुवातीला मळमळ, जुलाब होऊ शकतात आणि अनेक जण गोळी गुपचूप सोडतात. ती जेवणासोबत घ्या. तरी त्रास झाला तर डोस किंवा प्रकार बदलता येतो. वर्षानुवर्षं घेत असाल तर रक्तातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व तपासून घ्या. रिपोर्ट सुधारला म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवणं आणि त्याजागी कारल्याचा रस सुरू करणं, ही चूक माझ्या ओळखीत निदान चौघांनी केली आहे.

गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणं धोक्याचं, शुगर फार खाली जाऊ शकते. डोस कसा बदलायचा ते आधी विचारा. घाम, थरथर, एकदम भूक, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं आणि शुगर ७०च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची. लाडू किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. नाही वाढली तर परत तेवढीच घ्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. माझा साखरेचा डबा आता पुन्हा खालच्या फळीवर आहे, तो यासाठी.

चालणं आणि पाय

सकाळी तासभर फिरून आल्यावर दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांपेक्षा जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणाऱ्यांची जेवणानंतरची शुगर बरी राहते. शतपावली म्हणतात तीच, फक्त शंभर पावलांवर थांबू नका. आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा वजनं उचलणं जोडा. ग्लुकोज खपतं ते स्नायूंत.

डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पायांची संवेदना या तपासण्या निदान झाल्याबरोबर करायच्या असतात, त्रास सुरू झाल्यावर नाही. तळव्यांना चटका कळेनासा होतो आणि उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर एका प्रदक्षिणेत फोड येतात. मी जाड मोजे घालून जाते. पुजारी अजून तरी काही बोललेले नाहीत.