सामाजिक मानसशास्त्रात जायचंय? आधी नागपूरच्या बर्डीवर उभे राहा

‘मला माणसं ओळखता येतात’ एवढ्या भांडवलावर बरेच जण मानसशास्त्राचा अर्ज भरतात आणि दुसऱ्या वर्षी आकडेमोड समोर आली की हिरमुसतात. म्हणून पहिली गोष्ट: सामाजिक मानसशास्त्र म्हणजे समुपदेशन नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. सामाजिक मानसशास्त्राला ती लागत नाही, पण या वाटेने रुग्णही तपासता येत नाहीत. इथला प्रश्न वेगळा आहे: एकटा असताना नीट वागणारा माणूस चारचौघांत वेगळा का वागतो, आणि ते मोजायचं कसं?

फी भरण्याआधी आपली आवड तपासून घ्या. बर्डीवर व्हरायटी चौकात, फुटपाथवरच्या सुरक्षित जागी, एका मित्राला घेऊन उभे राहा. लाल दिव्याला पहिला दुचाकीवाला झेब्रा पट्ट्यांच्या मागे थांबला, तर दुसराही मागेच थांबतो का? दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांशी न बोलता, 40 लाल दिवे नोंदवायचे. गाडीचा नंबर लिहायचा नाही, चेहऱ्यांचं चित्रीकरण करायचं नाही. ‘मागे’ म्हणजे काय ते आधीच ठरवा. पुढचं चाक पट्टीला टेकलं तर ते ‘पुढे’च. हे ठरलं नसेल तर घरी आल्यावर दोघांचे कागद जुळत नाहीत, आणि भांडण सुरू होतं ते तिथूनच.

जुळले तरी लगेच खूश होऊ नका. समजा दोघांनीही 90 टक्के वेळा ‘मागे’ लिहिलं. मग रस्त्याकडे न बघता लिहिलं असतं तरी 82 टक्के नोंदी योगायोगानेच जुळल्या असत्या. म्हणून ‘कोहेनचा कप्पा’ (Cohen's kappa) हा जुळणी मोजणारा आकडा काढतात. तो हा योगायोग वजा करतो. कप्पा 0.60 च्या खाली आला तर दोष बहुधा व्याख्येत असतो. आणि दुसरा थांबला तो पहिल्याला पाहून, की कोपऱ्यातल्या वाहतूक पोलिसाला पाहून? पोलीस होता की नाही, याचा रकाना नसेल तर उत्तर मिळणार नाही. हा रकाना राहून गेल्याची चुटपुट लागली, तर हा विषय तुमचा आहे. कंटाळा आला, तर फी वाचली.

प्रश्नावलीतही असेच खड्डे असतात. ‘महापालिका आणि पोलीस आपलं काम नीट करतात’ या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्याने काय लिहायचं? इंग्रजी प्रश्नाचं मराठी केलं की दुसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या. ‘गिल्टी’चं ‘अपराधी’ केलं की वाक्य कोर्टात जाऊन बसतं. नमुनाही फक्त होस्टेलमधल्या मित्रांचा नको. मध्यम आकाराचा फरक पकडायला दोन गटांत प्रत्येकी साधारण 64 माणसं लागतात. विश्लेषणासाठी जमोवी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

शिक्षणाची वाट सरळ आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. पुढे मानसशास्त्र घेऊन बीए, मग एमए आणि पीएचडी. पीएचडीसाठी एमएला 55 टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील तर थेटही अर्ज करता येतो. आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. जून 2024 पासून नेटचे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) गुण पीएचडी प्रवेशालाही धरले जातात. नेटमध्ये 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, म्हणून मराठी माध्यमवाल्यांनी पारिभाषिक शब्द पहिल्या वर्षापासून इंग्रजीतही पाठ ठेवावेत. नेटमधून जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात. सेटने (राज्य पात्रता परीक्षेने) प्राध्यापकीची पात्रता मिळते, शिष्यवृत्ती नाही.

नोकरीच्या जाहिरातीत ‘सामाजिक मानसशास्त्रज्ञ’ असं पद क्वचितच दिसतं. बाजार संशोधन, यूजर रिसर्च (वस्तू किंवा ॲप वापरणाऱ्यांचा अभ्यास), स्वयंसेवी संस्थांमधलं प्रकल्प मूल्यमापन या नावांनी शोधा. नागपुरात अशा जागा थोड्या. पुण्या-मुंबईची तयारी ठेवा. अर्जासोबत चौकातल्या निरीक्षणाचा चार पानी अहवाल जोडा. त्यात काय चुकलं, तेही लिहा. मुलाखत घेणारा बहुतेक त्यावरच प्रश्न विचारतो.