पुण्याच्या मालधक्क्यावरून रेक भरताना

रेल्वेच्या माल विभागात गेलात की पहिला प्रश्न ‘किती टन?’ नसतो, ‘माल काय?’ असतो. कोळसा, लोहखनिज, सिमेंट, क्लिंकर, धान्य, खत, पेट्रोलियम, पोलाद, कंटेनर असे ठळक गट आहेत आणि यात न बसणारे सगळे ‘इतर माल’ या खात्यात पडते. एकूण लोडिंगचा जवळपास निम्मा भाग एकट्या कोळशाचा, त्यामुळे डब्यांची आखणीही त्याच्याच सोयीने होते. पुणे विभागातून निघणारा माल वेगळा आहे: लोणीहून पेट्रोलियम, चिंचवडहून मोटारी, कोल्हापूर-सांगली पट्ट्यातून साखर. साखरेसारखा माल पाठवणाऱ्याला त्यामुळे थोडे हुशारीनेच वागावे लागते.

सुरुवात मालाच्या नावापासून करा. गुड्स टॅरिफमध्ये, म्हणजे रेल्वेच्या मालभाड्याच्या दरपुस्तकात, प्रत्येक मालाला एक श्रेणी दिलेली असते. श्रेणी 100 हा पाया, म्हणजे 150 श्रेणीच्या मालाला त्याच अंतरासाठी दीडपट भाडे. पूर्ण गाडी, म्हणजे रेक, भरली तर एक श्रेणी, सुटे डबे भरले तर वेगळी आणि बहुधा महाग. भाड्यावर 5 टक्के जीएसटी धरा. अंतर 100 किलोमीटरपेक्षा कमी असले तरी आकारणी 100 ची होते. त्यामुळे अगदी जवळच्या ठिकाणी, दोन्हीकडची हमाली आणि ट्रकभाडे मिळवल्यावर, रेल्वे क्वचितच परवडते. नाव मात्र टॅरिफमध्ये आहे तेच लिहा. स्वस्त श्रेणीतले जवळचे नाव लिहून वाचवलेले पैसे, माल तपासला गेला की दंडासह परत जातात. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 66 खाली तो अधिकार रेल्वेला आहे.

नावावरून डबा ठरतो. पोत्यांचा माल बंद डब्यात, म्हणजे बीसीएन किंवा बीसीएनएचएलमध्ये. कोळसा-खनिज उघड्या बॉक्सएनमध्ये. पेट्रोल-डिझेल बीटीपीएन टाक्यांत. मोटारी जुन्या प्रवासी डब्यांपासून बनवलेल्या एनएमजीत किंवा खास मोटारींसाठीच्या दुमजली डब्यांत. भाजी-फळांचा थोडा माल असेल तर मालधक्क्यावर हेलपाटे नकोत, पार्सल कार्यालय गाठा. तिथे दर वेगळे आणि एका पार्सल व्हॅनमध्ये साधारण 23 टन.

आता खरी मेख. रेल्वेला रिकामी गाडी पळवणे परवडत नाही, म्हणून तुमच्या भागात कोणता माल येऊन उतरतो यावर तुम्हाला कोणते डबे चटकन मिळतील ते ठरते. सिमेंट, खत, धान्य बंद डब्यांतून येते. तो रेक रिकामा झाला की तोच साखरेला लावता येतो. उघड्या डब्यांतला माल जिथे उतरत नाही तिथे बॉक्सएन मागितला तर ताटकळत बसाल. म्हणून मागणी नोंदवण्याआधी विभागाच्या बिझनेस डेव्हलपमेंट युनिटला (रेल्वेला माल मिळवून देण्याचे काम पाहणारा कक्ष; ही युनिट 2020 मध्ये सुरू झाली) विचारा: पुढच्या काही दिवसांत जवळच्या धक्क्यांवर कोणते रेक रिकामे होणार आहेत?

मागणी, म्हणजे इंडेंट, ऑनलाइन टाकता येतो; सोबत नोंदणी शुल्क भरावे लागते आणि इंडेंट अवेळी मागे घेतला तर ते बुडते. लष्करी माल आणि सरकारने अग्रक्रम दिलेला माल आधी. बाकीच्यांत जुनी नोंदणी पुढे. तुमच्या स्थानकाकडे जाणारे बुकिंग त्या दिवशी बंद नाही ना, हेही पाहून घ्या. पूर्ण रेक भरेल इतका माल नसेल तर किमान 20 डब्यांचा मिनी रेक विचारा; त्याला अंतराची मर्यादा असते.

मग धक्क्याचे गणित. बीसीएनच्या रेकमध्ये 40 ते 42 डबे, प्रत्येकात साधारण 60-65 टन. 42 डब्यांना सुमारे 2,600 टन, म्हणजे 50 किलोची 52,000 पोती. हाताने भरायला 9 तास मोफत धरले तर ताशी 5,800 पोती चढली पाहिजेत. 25 टनी ट्रक घेतले तर शंभरावर खेपा होतात, आणि त्या शहराच्या जड वाहनबंदीच्या वेळा टाळून आणायच्या. त्यामुळे निम्मा माल तरी रेक लागायच्या आधी धक्क्यावर हवा. पण फार आधी आणून ठेवलात तर व्हार्फेज, म्हणजे धक्क्यावर माल पडून राहिल्याचा आकार, भरा. उशीर झाल्यावर डेमरेज, म्हणजे डबे अडवून ठेवल्याचा आकार, मूळ दराने आठ चाकी डब्याला तासाला 150 रुपये, 42 डब्यांना 6,300. अर्धवट तासही पूर्ण तास मोजतात. एकत्र भरायला लावलेल्या डब्यांच्या गटातला एक डबा रेंगाळला तरी बहुधा सगळा गट सुटलेला धरला जात नाही. म्हणून हमालांच्या टोळ्या सगळ्या डब्यांवर सारख्या वाटा, पुढून मागे सरकत जाऊ नका.

भरण्याआधी प्रत्येक डबा आतून बघा. खताचा किंवा सिमेंटचा थर राहिलेल्या डब्यात साखर भरली की तक्रार ठरलेली. झाडून घ्या, छताला दिवसाउजेडी भोके दिसतात का पाहा, दारांच्या फटींना आतून प्लॅस्टिक लावा. पावसाळ्यात पाणी बहुतेक दारातूनच शिरते. हमालांना हूक वापरू देऊ नका. वजन डब्याच्या परवानगीपेक्षा जास्त झाले तर कलम 73 खाली दंड. उघड्या डब्यात हा धोका मोठा, कारण ओला कोळसा किंवा वाळू डोळ्यांना तेवढीच दिसते आणि काट्यावर वेगळीच भरते.

शेवटी रेल्वे पावती, म्हणजे आरआर. माल रेल्वेच्या माणसाने मोजला नसेल तर तिच्यावर ‘सेड टू कंटेन’ असा शेरा येतो आणि मग उतरवताना पोती कमी निघाली तर ती खरोखर चढली होती हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. साखरेसारख्या मोजून जाणाऱ्या मालाला मोजणीचा आग्रह धरा आणि डब्यांचे सील क्रमांक स्वतः टिपून घ्या. उतरवताना सील तुटलेले दिसले तर माल हलवण्याआधी धक्क्यावरच नोंद करून घ्या. भरपाईची लेखी नोटीस माल बुक केल्यापासून 6 महिन्यांत रेल्वेकडे गेली पाहिजे.